तेरावरून दहावर: पिकअपचं ॲव्हरेज गेलं कुठे?

पत्र

काका, नमस्कार. माझी २०२१ ची बीएस-६ डिझेल पिकअप आहे. निफाड तालुक्यातून टोमॅटो, द्राक्षं, कोथिंबीर भरून वाशी मार्केटला जायचो तेव्हा तेराचं ॲव्हरेज कुठे गेलं नव्हतं. आता दहावर आलंय. जूनपासून नाशिकच्या एका डिस्ट्रिब्युटरचं काम घेतलं. सकाळी अंबडच्या गोडाऊनवरून माल भरायचा आणि सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा दुकानांना टाकायचा. वाशीची फेरी आता आठवड्यातून दोनदाच होते. महिन्याचं रनिंग साधारण चार हजार किलोमीटर आहे.

गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर करतो. (उन्हाळ्यात घाटात तापत होती म्हणून मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, तेव्हापासून तापायचं बंद झालं.) दिवाळीत चारही टायर नवे टाकले, दुकानदाराने थोडे मोठे दिले, माल चांगला पेलतात. डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी धरणाऱ्या जाळीचा, दिवा हल्ली वरचेवर लागतो. मेस्त्री म्हणतो, डीपीएफ काढून आतून पाइप टाकू, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवायची सोय) बंद करू, कॉम्प्युटरमध्ये रिमॅप मारू. पंचवीस हजारांत पंधराचं ॲव्हरेज देतो. एक जण डिझेलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट घेऊन आला होता. करू का हे? आणि वाशीला जाताना समृद्धीवरून जावं की कसारा घाटातून? की ही गाडी विकून सीएनजी नाहीतर इलेक्ट्रिक घेऊ?

— एक पिकअपमालक, निफाड

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. डीपीएफ, रिमॅप, मॅग्नेट हे सगळं नंतर बघू. तो काढलेला थर्मोस्टॅट या आठवड्यात परत बसवा. नवा बसवा, कंपनीचाच, जुना घासूनपुसून नको. किलोमीटरमागे दोन-तीन रुपये वाचवायला पंचवीस हजार घालायला निघालात, आणि खरं बिघडवणारं काम फुकटात झालेलं आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. इंजिन थंड असतं तेव्हा तो बंद असतो, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढून टाकला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. झाकण उघडं टाकून भात शिजवण्यातला हा प्रकार आहे: शिजतो, पण गॅस किती जातो ते विचारू नका. त्यातून तुमचं आताचं काम असं की अंबडहून निघालात, दोन किलोमीटरवर पहिलं दुकान, तिथून दीड किलोमीटरवर दुसरं. हिवाळ्यात सकाळी सात वाजता नाशिकच्या थंडीत ती गाडी दुपारपर्यंत नीट तापतच नसणार.

थंड इंजिन डिझेल जास्त का पितं? ऑइल दाट राहतं, त्यामुळे इंजिनाला स्वतःलाच फिरवायला जास्त जोर लागतो. जळण्यातली उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जाते. आणि गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला मेस्त्री ईसीएम म्हणतो, सेन्सरवर पाणी थंड आहे असं बघून इंजिन अजून गरम होतंय असंच धरून चालतो आणि त्या हिशेबाने डिझेल सोडतो. तुमच्या डोळ्यांसमोर हे सगळं मीटरच्या काट्यावर आहे. उद्या सकाळी गाडी चालू करा, शहरात अर्धा तास चालवा आणि टेम्परेचरचा काटा कुठे थांबतो ते बघा. पूर्वी मध्याच्या आसपास टेकून राहायचा, आता त्याच्या बराच खाली रेंगाळत असेल. गाडीला काटा नसून नुसते दिवे किंवा कांड्या असतील तर कोणत्याही गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पाण्याचं तापमान वाचता येतं, पाच मिनिटांचं काम आहे.

आता याची डीपीएफशी गाठ कशी पडते ते ऐका, कारण तुमच्या मेस्त्रीला दिवा दिसतोय, दिव्याच्या मागचं दिसत नाही. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनीत बसवलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी. धुरातली काजळी ती धरून ठेवते. काजळी साठत गेली की ती जाळावी लागते. हायवेवर लांब पल्ला असला, धूर चांगला गरम असला, तर बरीचशी काजळी चालता चालता आपोआप जळते. ते होत नसेल तर कॉम्प्युटर स्वतःहून जाळायला घेतो. त्यासाठी सिलिंडरमधलं जळण उरकल्यावर वरून थोडं जास्तीचं डिझेल मारलं जातं, ते पुढे सायलेन्सरच्या लाइनीत जळतं आणि जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. या डिझेलने गाडी एक फूटही पुढे जात नाही. ते नुसतं सफाईला जातं.

वाशीच्या रोजच्या फेऱ्या होत्या तेव्हा ही सफाई आपोआप होत होती, तुम्हाला पत्ताही नव्हता. आता इंजिन नीट तापत नाही, आणि इंजिन पुरेसं गरम असल्याशिवाय कॉम्प्युटर सफाईला हात घालत नाही. घातला तरी दहा मिनिटांत तुम्ही दुकानापुढे गाडी बंद करता आणि काम अर्धवट राहतं. पुढच्या वेळी परत सुरुवात, परत डिझेल, परत अर्धवट. तो दिवा वरचेवर लागतो तो याच फेऱ्यात. आणि या अर्धवट सफाईत वर मारलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून आज संध्याकाळी एक गोष्ट बघा. गाडी सपाट जागी उभी करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक ओढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसलं तर ते ऑइल ‘वाढलेलं’ नाही, त्यात डिझेल मिसळलंय. बोटावर घेऊन वास घेतलात तरी कळेल. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे असंच निघेल. तसं निघालं तर वरचं ऑइल काढून पातळी सारखी करण्याचा शहाणपणा करू नका, सगळं ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो खातं, आणि त्या बिलापुढे तुमचं डिझेल फारच स्वस्त वाटेल. नवं ऑइल घेताना डबा नीट वाचा. बीएस-६ डिझेलसाठी कमी राखेचं ऑइल लागतं, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. साधं जुनं ट्रकचं ऑइल टाकलं तर त्याची राख जाळीत जाऊन बसते. काजळी जळते, राख जळत नाही.

डिपस्टिक ठीक निघाली आणि दिवा नुसता लागलेला असेल (लुकलुकत नसेल, सोबत इंजिनचा दिवा नसेल) तर गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा. नाशिकरोडकडून सिन्नरकडे निघालात तरी चालेल. चौथ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवा, दिवा जाईपर्यंत. पण थर्मोस्टॅट बसवल्यावर. आधी केलंत तर नुसती फेरी होईल. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीने ताकद सोडली असेल तर हा प्रयोग करायचा नाही, अधिकृत वर्कशॉपला नेऊन उभ्या गाडीवर सफाई करून घ्यायची. आणि यापुढे वाशीच्या दोन फेऱ्या आठवड्यात लागोपाठ न करता सोमवार-गुरुवार अशा वाटून घ्या. जाळीला ते मानवेल.

राहिला मूळ प्रश्न, गाडी घाटात तापत का होती? थर्मोस्टॅट काढला तेव्हा दुखणं बरं झालं नाही, नुसतं झाकलं गेलं. शेतातून, मार्केटमधून फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा, माती, कांद्याची सालं अडकलेली असतात. बाहेरून पुसून ती निघत नाहीत, मागच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्याने बाहेर काढावी लागतात. प्रेशरचा जोरदार फवारा मारला तर पात्या वाकतात आणि हवा कायमची बंद होते. मग कॅप बघा. रबर कडक झालेली कॅप दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. फॅन, त्याचा बेल्ट, वॉटर पंप. आणि कूलंट. नळाचं पाणी ओतत असाल तर आतून क्षार आणि गंज धरलेला असणार, पूर्ण फ्लश करून ठरलेल्या प्रमाणात कूलंट भरा. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तोंडं असतात: रेडिएटरचं उघडताना तो आतला आखूड रस्ता बंद करतो. तो काढून टाकला की आखूड रस्ता उघडाच राहतो आणि काही पाणी रेडिएटरला न शिवता तसंच परत इंजिनात जातं. म्हणजे शहरात गाडी गार, आणि उद्या मे महिन्यात भरल्या गाडीने चढ लागला की तीच गाडी जास्त तापेल. हे मेस्त्रीला वाचून दाखवा. तो वाईट माणूस नाही, जुन्या इंजिनांवर शिकलेला आहे. तेव्हा थर्मोस्टॅट काढला तरी एवढं काही अडत नव्हतं.

आता पंचवीस हजारांचं काम. नको. डीपीएफ काढल्यावर ॲव्हरेज थोडं वाढलेलं दिसतं हे मी नाकारत नाही, कारण सफाईला जाणारं डिझेल थांबतं. पण तुमच्या गाडीत ते डिझेल जाण्याचं कारण वर सांगितलं, ते दुरुस्त केलं की तो फायदा बराचसा तसाच मिळतो. दहाचे पंधरा कुठल्याही रिमॅपने होत नाहीत. तसं झालं असतं तर कंपनीने कधीच करून विकलं असतं, ॲव्हरेजवर तर त्यांचा धंदा चालतो. रिमॅपमध्ये साधारण काय करतात, तर डिझेल आणि टर्बोचा दाब वाढवतात. गाडी चटकन उचलते, मालक खूष होतो आणि तोच उत्साह उजव्या पायात उतरतो. क्लच, टर्बो, गिअरबॉक्स मात्र जुन्याच मापाचे असतात.

कायद्याचंही सांगतो. गाडीत परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे १०,००० पर्यंत. पासिंगला गाडी नेल्यावर आतला पाइप दिसणार नाही असं मेस्त्री म्हणेल. आज दिसत नसेलही. पण डिस्ट्रिब्युटरच्या कामावर आहात, उद्या त्याच्या कंपनीने गाड्यांचे कागद आणि धूर तपासायचं ठरवलं तर काम जाईल. आणि ती काजळी रोज सकाळी सिडकोच्या गल्ल्यांत, दुकानांच्या दारात, मागे उभं राहून माल उतरवणाऱ्या तुमच्या पोऱ्याच्या नाकात जाणार, हेही आहेच.

मॅग्नेटवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. डिझेल चुंबकाला दाद देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, असली इंधन वाचवणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. ॲव्हरेजमध्ये मोठा फरक पाडणारं त्यांना काही सापडलं नाही. टाकीत ओतायच्या बाटल्यांचंही मोठ्या मानाने तेच. हायवेला ‘बायोडिझेल’ म्हणून कॅनमधून स्वस्तात मिळतं ते मात्र नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १० भागांच्या आत असतं आणि तुमचा पंप, इंजेक्टर, जाळी सगळं त्याच हिशेबाने बनवलेलं आहे.

टायरचं एक गमतीचं आहे. ‘थोडे मोठे’ म्हणजे किती ते तुम्ही लिहिलं नाही, पण पिकअपला २१५/७५ आर १५ च्या जागी ७.०० आर १५ टाकून देणं दुकानदार सर्रास करतात. पहिल्याची उंची साधारण ७० सेंटीमीटर, दुसऱ्याची ७४-७५. तुमचंही तसंच झालं असेल तर चाक एका फेऱ्यात पाच-सहा टक्के जास्त अंतर तोडतं आणि मीटरला ते कळत नाही. मीटरवर शंभर किलोमीटर झाले तेव्हा गाडी प्रत्यक्षात एकशेपाच-सहा चाललेली असते. म्हणजे तुमचं ‘दहा’ खरं तर साडेदहाच्या वर आहे. गेलेल्या तीन किलोमीटरपैकी अर्धा किलोमीटर गेलेलाच नाही! मोबाइलचं जीपीएस लावून हायवेवर पन्नास किलोमीटर मोजा, मीटरशी ताडून बघा, तुमचा नेमका फरक कळेल. पण त्यामुळे मोठे टायर बरे असं समजू नका. ते जड असतात, प्रत्येक गिअर लांबल्यासारखा होतो आणि शहरात दर दुकानापुढून उचलताना हाफ क्लचवर जास्त वेळ जातो. शिवाय मीटर साठ दाखवताना तुम्ही साठच्या वर असता. पुढच्या वेळी गाडीला जे माप मंजूर आहे तेच टाका. माल पेलण्यासाठी टायरचं माप नाही, हवा आणि लोड रेटिंग बघायचं असतं.

हवेबद्दल चालकांना सांगायचा कंटाळा येतो इतक्यांदा सांगून झालंय, तरी पिकअपच्या मागच्या चाकांचं वेगळं आहे. रिकामी आणि भरलेली यांत मागच्या धुऱ्यावर एक टनाचा फरक पडतो. भरल्या गाडीची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती सकाळी गार टायरला भरा. पंपावरचा पोऱ्या कारसारखी पस्तीस मारून मोकळा होतो, तिथे उभं राहा.

मोजायची पद्धतही बदला. अर्धी टाकी, काट्यावरून अंदाज, असं नको. त्याच पंपावर, त्याच नोझलवर, ऑटोकट पहिल्यांदा पडेपर्यंत भरायचं. वर झाकणापर्यंत ठासायचं नाही. फुल टू फुल, सलग तीन टाक्या. शहराचं आणि वाशीचं वेगळं लिहा. आत्ता तुम्ही ज्याची तुलना करताय त्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, तेरा हायवेचे आणि दहा शहर-हायवे मिळून. थर्मोस्टॅट, ऑइल, जाळी सगळं नीट झाल्यावरही शहरात तेरा मिळणार नाहीत. शहरात साडेअकरा आणि वाशीच्या फेरीला पुन्हा तेरा आले तर गाडी निरोगी आहे असं मी समजेन. पैशात सांगायचं तर चार हजार किलोमीटरला तेराने ३०८ लिटर लागतात, दहाने ४००. नव्वद रुपये दर धरला तरी महिन्याला आठ हजारांच्या वर फरक आहे. त्यातला निम्मा जरी परत आला तरी थर्मोस्टॅट, कूलंट आणि ऑइलचा खर्च फार दिवस अंगावर राहणार नाही.

शहरात तुमच्या हातात आणखी काय आहे? गाडी चालू ठेवून माल उतरवणं बंद करा. अडीच लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. दिवसाला वीस दुकानं आणि प्रत्येकी सहा-सात मिनिटं धरली तर दोन तास झाले, म्हणजे लिटरच्या वर डिझेल एक किलोमीटरही न चालता गेलं. स्टार्टर खराब होईल ही भीती बॅटरी धड असेल तर सोडा. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असाल तर चावी फिरवा. दोन अपवाद: डीपीएफची सफाई चालू असेल तेव्हा बंद करू नका, आणि घाट चढून आल्यावर टर्बोला मिनिटभर श्वास घेऊ द्या. वाशीला गाळ्यासमोर रांगेत रात्रभर पुढे-पुढे सरकताना मात्र इलाज नाही. दोन गाड्यांची जागा मोकळी होईपर्यंत थांबून एकदम पुढे घ्या, एवढंच.

ब्रेक बघून घ्या. मागचे ड्रम चिकटलेले असले किंवा हॅन्डब्रेकची केबल घट्ट ओढलेली असली तर गाडी दिवसभर स्वतःलाच धरून चालते. फेरी करून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका; एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर जॅक लावून ते हाताने फिरवून बघा. एअर फिल्टर तुमच्या धुळीत लवकर भरतो, तो झटकून झटकून वर्षं काढू नका. चोंदला की काजळी वाढते आणि पुन्हा डीपीएफच्या जाळीवरच बोजा येतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात सोडत जा.

समृद्धी की कसारा? इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा त्यातच आहे. घाटातली कोंडी, वळणं, ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणं यातून सुटका होते, ती डिझेलमध्येही दिसेल. पण त्या रस्त्यावर गेल्यावर हात शिवशिवतात. तुमच्या गाडीला मागे हूड आहे ना? ताडपत्रीचा तो डबा म्हणजे समोरून येणाऱ्या हवेला लावलेली भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठऐवजी ऐंशीने निघालात की तो पावणेदोन पटीच्या वर जातो. शंभर किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर साठने शंभर मिनिटं लागतात, ऐंशीने पंचाहत्तर. त्या पंचवीस मिनिटांसाठी डिझेल जाळायचं आणि पुढे वाशीला गेटवर तासभर उभं राहायचं. पीसीआरए ही पेट्रोलियम खात्याची संस्था वर्षानुवर्षं ४५ ते ५५ च्या वेगाचा सल्ला देत आलीय. हायवेवर तेवढं हळू जाणं बरं नाही, मागून येणारा ट्रक ठोकेल. साठ-पासष्टला डाव्या लेनमध्ये एकसारखी गाडी ठेवा. टोलचा प्रश्न असा सोडवा: दोन्ही रस्त्यांच्या टोलमधला फरक डिझेलच्या दराने भागा आणि तेवढे लिटर वाचतात का ते दोन फेऱ्या मोजून बघा. रात्री घाट मोकळा असेल तर कदाचित जुनाच रस्ता परवडेल. शुक्रवारी संध्याकाळी नाही परवडणार.

कसाऱ्याने उतरत असाल तर न्यूट्रल करून सोडायची सवय असेल ती आजपासून बंद. तुमच्या इंजिनात गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की डिझेल जवळजवळ पूर्ण तुटतं, उतारच गाडी चालवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला डिझेल लागतंच, आणि तीन टनांची भरलेली गाडी फक्त ब्रेकवर येते. म्हणजे डिझेलही जातं आणि ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात तो धोका वेगळा. तसं तुमचं नशीब चांगलं आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, वाशी खाडीच्या कडेला. माल भरून उतरायचं आणि रिकामं चढायचं. रिकामी गाडी तेवढी उंची चढायला अंदाजे पाऊण लिटरच्या थोडं वर खाते. भरली असती तर जवळजवळ दीड खाल्लं असतं. म्हणूनच नुसतं जाण्याचं ॲव्हरेज काढून ‘चौदा मिळालं’ म्हणू नका, जाऊन-येऊनच मोजायचं.

आणि येताना फाळका (हौद्याचं मागचं झाकण) पाडून किंवा ताडपत्री फडफडत ठेवून येऊ नका. फाळका पाडला की हवा मोकळी जाते हा समज चुकीचा आहे. बंद फाळक्याच्या आत हवेचा भोवरा थांबून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकते. हूडची ताडपत्री रिकाम्या गाडीला लागतच नसेल तर घडी करून आत टाका.

खरं सांगू का, रिकामं परत येताना चौदा मिळण्यापेक्षा भिवंडीहून नाशिकचं अर्ध्या गाडीचं रिटर्न भाडं मिळून साडेबारा मिळणं केव्हाही चांगलं. ॲव्हरेजच्या आकड्यापेक्षा एका कॅरेटमागे किती रुपयांचं डिझेल गेलं ते काढत जा. पण त्या नादात पासिंगच्या वजनापेक्षा जास्त भरू नका. स्प्रिंगचे जास्तीचे पाटे टाकून गाडी पेलते, कायदा पेलत नाही: ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वाढतात.

गाडी विकण्याचं म्हणाल तर आज नको. दिवा लागलेली, थर्मोस्टॅट नसलेली बीएस-६ गाडी बाजारात नेलीत तर घेणारा भाव पाडून मागेल, आणि बरोबरच मागेल. आधी नीट करून घ्या. डिस्ट्रिब्युटरचं काम टिकाऊ निघालं, वाशीच्या फेऱ्या आणखी कमी झाल्या, तर मात्र दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरच्या, दर दुकानाला थांबणाऱ्या कामाला डीपीएफवालं डिझेल मुळात चुकीचं आहे. त्याला सीएनजी किंवा इलेक्ट्रिकच शोभतं. करार किती वर्षांचा आहे आणि रात्री गाडी लावता तिथे चार्जिंगला मीटर मिळेल का, हे दोन्ही विचारून घ्या. पुढच्या पत्रात तीन टाक्यांचे आकडे, काट्याची जागा आणि डिपस्टिकवर काय निघालं ते कळवा, मग त्याबद्दल बोलू.